गंधकाचे वलय : डॉ. बा. द. टिळक यांच्या संशोधनाचा मार्ग

परभणीच्या बाजारपेठेत अलीकडे 'सेंद्रिय' ही पाटी जागोजागी दिसते. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय हळद, सेंद्रिय ज्वारी. या शब्दाचा अर्थ दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांच्याही लेखी एकच असतो : रसायन न घातलेले. महाविद्यालयात मात्र हाच शब्द आम्ही 'सेंद्रिय रसायनशास्त्र' या विषयाच्या नावात शिकलो, आणि त्या विषयाचा पहिलाच धडा युरियाचा होता. १८२८ साली फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनज्ञाने सजीवांच्या शरीरातच घडतो असे समजला जाणारा हा पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला आणि कार्बनी संयुगे माणसाला बनवता येतात हे जगाला कळले. म्हणजे मोंढ्यातल्या दुकानात जी युरियाची गोणी 'सेंद्रिय'च्या नेमकी विरुद्ध मानली जाते, तीच आमच्या क्रमिक पुस्तकात सेंद्रिय संश्लेषणाची गंगोत्री होती. एकाच शब्दाच्या दोन अर्थांतली ही फारकत गमतीची आहे खरी, पण तिच्यामागे गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचे भारतीय प्रकरण एका माणसाच्या आयुष्यातून वाचता येते, असे आम्हांस वाटते.

तो माणूस म्हणजे डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक. नावाच्या आरंभीच्या 'बाळ'मुळे वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे, म्हणून सांगून टाकतो : हे लोकमान्य नव्हेत. हे टिळक संश्लेषक कार्बनी रसायनज्ञ होते. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे 'यूडीसीटी'त, त्यांनी शिकले-शिकवले. १९६६ ते १९७८ या काळात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. १९६३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले आणि १९७२ साली पद्मभूषण. एवढी नोंद कोणत्याही चरित्रकोशात शोभेल. आम्हांस मात्र या नोंदीपलीकडच्या एका प्रश्नात रस आहे. एखादा पदार्थ बनवता येतो का, हा संश्लेषकाचा पहिला प्रश्न. तो आपल्याकडे, आपल्या साधनांत बनवता येतो का, हा दुसरा. आणि बनवला तर तो कोणाच्या उपयोगी पडतो, हा तिसरा. टिळकांच्या कारकिर्दीत हे तिन्ही प्रश्न एकामागून एक, जवळजवळ याच क्रमाने आले. तिन्हींची उत्तरे सारखीच टिकली असे मात्र झाले नाही.

टिळकांचा जन्म २६ सप्टेंबर १९१८ रोजी कारंजा येथे झाला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९९च्या मे महिन्यापर्यंत हिंगोली आमच्या परभणी जिल्ह्याचाच भाग होती, तेव्हा जिल्ह्याची उत्तरेची शीव ओलांडली की वाशीमचा मुलूख सुरू होई आणि त्यापुढे कारंजा. इकडे निजामाचे राज्य, तिकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. पण दोहोंकडची माती काळी आणि पीक कापसाचे. टिळक जन्मले त्याच १९१८ साली हैदराबाद संस्थानाने परभणीस शेतीसंशोधनाचे प्रायोगिक क्षेत्र काढले, ज्याच्या परंपरेतून पुढे १९७२ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले. ज्या प्रदेशात कापूस पिकतो तिथे रंग असतो. वऱ्हाडात आणि मध्य हिंदुस्थानात 'आल' नावाच्या झाडाच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत आणि त्याची मुद्दाम लागवड करीत. निळ्यासाठी नीळ होतीच.

हा सारा व्यवसाय एका पिढीत कोसळला, तो शेतीतल्या कोणत्याही संकटामुळे नव्हे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या हातून क्विनीन करण्याच्या खटपटीत जांभळा रंग निघाला. १८६८ च्या सुमारास ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या मुळातला अलिझरिन हा तांबडा रंग डांबरातल्या अँथ्रासीनपासून बनवला. १८९७ साली जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. आलीची शेते मोडली, निळीचे हौद कोरडे पडले. चंपारणच्या सत्याग्रहाची हकीकत आपण शाळेत शिकतो, पण तिथल्या मळेवाल्यांचा धंदा एका दूरच्या प्रयोगशाळेने आधीच खिळखिळा केला होता, हे शाळेत सहसा सांगत नाहीत. रंगाऱ्याच्या भाषेत रंग दोन प्रकारचे : कच्चा आणि पक्का. धुण्यात उतरतो तो कच्चा. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानची परिस्थिती अशी होती की कापूस आपला, पण त्यावरचा पक्का रंग परदेशाचा. टिळकांच्या पिढीच्या रसायनज्ञांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही; ती अंगावरच्या कपड्यात होती.

मुंबईच्या कापडगिरण्यांना रंगाचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती. त्या गरजेतून १ ऑक्टोबर १९३३ रोजी यूडीसीटी सुरू झाली. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर होते. १९३८ साली ते पद कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्याकडे आले. वेंकटरामन यांनी मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली काम केले होते आणि त्यानंतर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात असताना १९३४ च्या सुमारास एक अभिक्रिया शोधली होती. इंग्लंडात बेकर यांनीही स्वतंत्रपणे ती गाठली होती, म्हणून ती आज जगभर 'बेकर-वेंकटरामन पुनर्विन्यास' या नावाने शिकवतात. तिच्या साह्याने फ्लॅव्होन वर्गातली संयुगे करता येतात. ज्या वाचकांस हे नाव परके वाटेल त्यांनी शिमग्याच्या दिवसांतला पळस आठवावा. पळसाची फुले उकळून जो केशरी-पिवळा रंग निघतो, त्यातली द्रव्ये याच फ्लॅव्होनांची जवळची भावंडे होत. लाहोरच्या एका महाविद्यालयात, फारशी साधने नसताना हे झाले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

वेंकटरामन यांच्या मार्गदर्शनाखाली टिळकांनी मुंबईत पीएच. डी. केली आणि मग ऑक्सफर्डला जाऊन खुद्द रॉबिन्सन यांच्याकडे डी. फिल. मिळवली. ही एक गुरुपरंपराच होय, आणि गायनातल्या घराण्याप्रमाणे तिचीही एक दृष्टी होती. रॉबिन्सन यांनी १९१७ साली केलेले ट्रोपिनोनचे संश्लेषण या दृष्टीचा नमुना म्हणून दाखवतात. तोच पदार्थ रिचर्ड व्हिल्श्टेटर यांनी आधी पुष्कळ पायऱ्यांनी बनवला होता. रॉबिन्सन यांनी तीन साधे पदार्थ एका भांड्यात, पाण्यात, खोलीच्या तपमानाला एकत्र केले आणि रेणू जणू आपण होऊन जुळला. वनस्पती तरी याहून वेगळे काय करीत असेल, असा त्यामागचा विचार होता. पायऱ्या कमी करण्याची ही हौस नुसती सौंदर्याची नाही. प्रत्येक पायरीला ऐंशी टक्के माल हाती लागला तर दहा पायऱ्यांनंतर मूळ मालाच्या जेमतेम अकरा टक्के उरतो. श्रीमंत देशाला हे परवडेल. ज्याला शीशीभर अभिकर्मकही बोटीने मागवावा लागतो त्याला नाही.

हे गणित आम्हांस आमच्या परभणीतल्या विद्यार्थिदशेत वेगळ्या रीतीने कळले. अॅनिलिनपासून नारिंगी रंग करण्याचे प्रात्यक्षिक पदवीच्या वर्गात असते. त्यात द्रावण शून्य ते पाच अंशांवर राखावे लागते, नाहीतर डायझोनियमचे लवण विघटन पावते आणि हाती चिकट काळे काहीतरी येते. मार्च महिन्यातली परभणी, आणि प्रयोगशाळेत बर्फ करण्याची सोय नाही. मग कोणीतरी सायकलवर जाऊन बर्फाच्या गोळेवाल्याकडून फडक्यात गुंडाळून लादीचा तुकडा आणी. तो येईपर्यंत निम्मा वितळलेला असे. ज्याच्या वाट्याला शेवटचा बर्फ येई त्याचे उत्पादन कमी भरे. बोटांवरचा नारिंगी डाग मात्र सर्वांच्या वाट्याला सारखा येई आणि आठवडाभर टिके. संश्लेषण म्हणजे कागदावरचे समीकरण नसून हवामान, पैसा, वाहतूक आणि हात यांचे मिळून झालेले काम आहे, हे ज्ञान आम्हांस त्या डागाने दिले.

टिळकांनी आपल्या संशोधनाचा मुख्य विषय म्हणून गंधकयुक्त वलयी संयुगे निवडली. त्यांतले सर्वांत लहान आणि महत्त्वाचे वलय म्हणजे थायोफीन : चार कार्बन आणि एक गंधक यांचे पंचकोनी कडे. त्याच्या शोधाची गोष्ट रसायनशास्त्राच्या इतिहासातली एक रम्य गोष्ट आहे. १८८२ साली झुरिच येथे व्हिक्टर मायर वर्गासमोर बेंझीनची परीक्षा करून दाखवीत होते. बेंझीनमध्ये निळीपासून मिळणारे आयसॅटिन आणि तीव्र गंधकाम्ल घातले की गर्द निळा रंग येतो, अशी ती परीक्षा. त्या दिवशी तो आला नाही. चौकशी करता कळले की नेहमीचे, डांबरापासून काढलेले बेंझीन संपल्यामुळे साहाय्यकाने बेंझोइक आम्लापासून केलेले शुद्ध बेंझीन दिले होते. म्हणजे तो निळा रंग बेंझीनचा नव्हताच. डांबरी बेंझीनमध्ये लपलेल्या कोण्या उपऱ्याचा तो होता. मायर यांनी त्याचा माग काढला, तेव्हा थायोफीन सापडले. ते इतके दिवस लपून राहू शकले याचे कारण असे, की त्याचे गुणधर्म बेंझीनसारखेच आहेत. बेंझीन ८० अंशांना उकळते तर थायोफीन ८४ अंशांना. आकाराने वेगळा, वागण्याने जुळ्या भावासारखा.

हे साम्य पन्नासच्या दशकात एका गंभीर प्रश्नाला येऊन भिडले. डांबरात कर्क उत्पन्न करणारे काहीतरी आहे, हा संशय जुना होता. लंडनची धुराडी साफ करणाऱ्या मुलांना होणाऱ्या कर्कविकाराचे वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच केले होते. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानाला दीर्घकाळ डांबर चोळून कर्क उत्पन्न करून दाखवला. तीसच्या दशकात इंग्लंडात केनावे, कुक आणि हीगर यांनी डांबरातली दोषी द्रव्ये ओळखली : अनेक बेंझीन वलये एकमेकांना चिकटून झालेली हायड्रोकार्बने. आता प्रश्न असा, की या वलयमालेतले एखादे बेंझीन काढून तिथे त्याचा जुळा भाऊ थायोफीन बसवला, तर तो घातक गुण राहतो की जातो? उत्तर मिळाले तर घातकपणा रेणूच्या आकारात आहे की आणखी कशात, यावर काही प्रकाश पडणार होता. पण उत्तर मिळण्याआधी ते रेणू हाती हवेत, आणि ते निसर्गात हवे तसे तयार मिळत नाहीत.

टिळक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मुंबईत हे काम हाती घेतले. त्यांची रीत सांगायला सोपी आहे. ज्या वलयावर थायोफीन जोडायचे त्याला प्रथम गंधकाचा एक हात लावायचा. त्या हाताच्या टोकाला दोन कार्बनांचा एक तुकडा, अॅल्डिहाइडाच्या झाकलेल्या रूपात, जोडायचा. आणि मग फॉस्फोरिक आम्ल व फॉस्फरस पेंटॉक्साइड यांच्या दाट, चिकट मिश्रणात ते तापवायचे. आम्ल पाणी आणि अल्कोहोल ओढून घेते, तुकड्याचे मोकळे टोक वळून मूळ वलयाला चिकटते आणि पाचवा कोन पुरा होतो. महाग धातू नाही, दुर्मिळ अभिकर्मक नाही. गंधक आणि फॉस्फोरिक आम्ल मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू. या रीतीने त्यांनी थायोफीन जोडलेल्या वलयसंयुगांची मालिकाच तयार केली आणि १९६० साली 'टेट्राहेड्रॉन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात कर्कजनक हायड्रोकार्बनांच्या थायोफीन-प्रतिरूपांवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. रॉबिन्सन यांच्या घराण्याची खूण या कामावर स्पष्ट दिसते : थोड्या पायऱ्या, साधा माल आणि एकच रीत अनेक रेणूंना लागू. रंगशास्त्राच्या अध्यापकाला हे सुचावे यातही नवल नाही. १९०५ साली निघालेला थायोइंडिगो हा तांबडा रंग म्हणजे निळीच्याच रेणूत नायट्रोजनाच्या जागी गंधक बसवून झालेला. गंधकाची ही अदलाबदल रंगारी रसायनज्ञांच्या ओळखीची होती.

१९५७ साली वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेल्या या संस्थेचे आधीचे दोन्ही संचालक परदेशी होते : साबणाच्या आणि पृष्ठभागांच्या रसायनाचे जाणकार जेम्स मॅकबेन, आणि १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी घेऊन चढलेले जॉर्ज फिंच. १९६६ साली गुरूची खुर्ची शिष्याकडे आली. ते वर्ष विसरण्याजोगे नाही. त्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते, देशात दुष्काळ होता, धान्य बोटींनी येत होते आणि परकीय चलनाची चणचण इतकी, की प्रत्येक आयात रसायनाचा हिशेब दिल्लीत होई. अशा वेळी सरकारी प्रयोगशाळेच्या संचालकाला 'आपण कोणता नवा रेणू केला' असे कोणी विचारीत नाही. 'कोणती आयात थांबवली' असे विचारतात.

टिळकांनी हा प्रश्न परका मानला नाही. त्यांच्या काळात प्रयोगशाळेचा भर उद्योगाला लागणाऱ्या प्रक्रियांवर राहिला : रंगांची मध्यस्थ द्रव्ये, औषधे, कीडनाशके, उत्प्रेरके. ही कामे बाहेरून दिसतात तितकी सोपी नसतात. शंभर मिलिलिटरच्या चंबूतली अभिक्रिया हजार लिटरच्या भांड्यात नेली की आकारमान घनाने वाढते, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वर्गानेच वाढतो. चंबूत बोटाला कोमट लागणारी अभिक्रिया कारखान्यात भांडे फोडू शकते. म्हणून चंबू आणि कारखाना यांच्यामध्ये मधल्या आकाराचा प्रायोगिक संच उभारावा लागतो आणि रसायनज्ञाला अभियंत्याच्या शेजारी उभे राहावे लागते. यूडीसीटीत ही दोन माणसे एकाच छपराखाली शिकत असत, याचा टिळकांना उपयोग झाला असणार. त्यांच्यानंतर संचालक झालेले एल. के. दोराईस्वामी अभियंतेच होते.

त्यातच १९७० चा पेटंट कायदा आला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधे आणि रासायनिक द्रव्ये यांच्या बाबतीत पदार्थाला पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या कृतीला, असे या कायद्याने ठरवले. म्हणजे एखादे औषध दुसऱ्या वाटेने बनवता आले तर ते बनवण्यास मोकळीक. संश्लेषकाची नवी वाट काढण्याची जी हौस आजवर घराण्याची बाब होती, तिला या कायद्याने राष्ट्रीय धोरणाचे मोल दिले. पुढे भारत स्वस्त औषधांचा मोठा निर्माता झाला, त्यात या कायद्याचा आणि अशा वाटा काढणाऱ्या प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे. २००५ साली कायदा बदलला आणि पदार्थांना पुन्हा पेटंट मिळू लागले, पण तोपर्यंत ती विद्या इथे रुजली होती.

या हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती आमच्या मुलखात झाकून ठेवता येत नाही. कीडनाशके स्वस्त झाली, मुबलक झाली, आणि कपाशीच्या शेतात ती पंपाने, उघड्या अंगाने, वाऱ्याची दिशा न पाहता फवारली गेली. १९८४ साली भोपाळ झाले. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे टिळकांच्या जन्मगावाच्या शेजारी, कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. याचा दोष कोणा एका रसायनज्ञाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण तिसरा प्रश्न, कोणाच्या उपयोगी आणि कोणाच्या जिवावर, हा चंबूपाशी सुटत नाही आणि कारखान्यापाशीही सुटत नाही, एवढे यातून दिसते. बाजारात 'सेंद्रिय' शब्दाचा अर्थ उलटला, तो या अनुभवानंतर. लोकांनी शब्द चुकीचा वापरला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी शास्त्राविषयीचा आपला अनुभव त्या शब्दात घातला.

उपयोगाच्या प्रश्नाचे एक निराळे उदाहरण त्याच प्रयोगशाळेत घडले होते. साठच्या दशकाच्या आरंभी, म्हणजे टिळक संचालक होण्यापूर्वी, तिथल्या संशोधकांनी लांब साखळीची अल्कॉक्सी-इथेनॉले तयार केली. ही द्रव्ये साठवणीच्या पाण्यावर पसरली की एकाच रेणूच्या जाडीचा पापुद्रा धरतो, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ, आणि त्यामुळे बाष्पीभवन घटते. पूर्णेवरच्या येलदरीचा जलाशय उन्हात दिवसेंदिवस खाली जाताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना या कल्पनेचे मोल सांगायला नको. अडचण वाऱ्याची : मोठ्या उघड्या जलाशयावर वारा हा पापुद्रा लोटून एका काठाला गोळा करतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याला शास्त्राने नव्हे, रोजगाराच्या कामांनी तारले. तरीही, एक रेणू घडवून पाण्याची एक वाफ वाचवू पाहणारा तो प्रयत्न आम्हांस संश्लेषणाच्या इतिहासातला मानाचा भाग वाटतो.

१९७८ साली टिळक निवृत्त झाले. अशा पदावरून उतरलेल्या माणसाला सल्लागार समित्या आणि कंपन्यांची संचालकपदे सहज मिळतात. टिळकांनी पुण्यात ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उपयोजन करणारे एक केंद्र काढले. 'कॅस्टफोर्ड' हे त्याचे संक्षिप्त नाव. ऑक्सफर्डचा डी. फिल. आणि थायोफीनचा जाणकार उतारवयात खेड्याच्या प्रश्नांकडे वळतो, याकडे कोणी निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून पाहील. आम्हांस त्यात आधीच्या दोन प्रश्नांचा हिशेब पुरा करण्याची धडपड दिसते. आयात थांबवलेले रसायन गावापर्यंत आपोआप पोचत नाही, किंवा पोचते ते यवतमाळात पोचले तसे; म्हणून मधला दुवा कोणीतरी मुद्दाम घडवावा लागतो, प्रायोगिक संच जसा मुद्दाम उभारावा लागतो तसा. हे काम मोठे होते आणि एका संस्थेच्या आवाक्यातले नव्हते. २५ मे १९९९ रोजी टिळक गेले, तेव्हा ते अपुरेच होते. आजही आहे.

आता त्या तीन उत्तरांपैकी टिकले काय, हे पाहू. आयात थांबवणाऱ्या प्रक्रियांचे आयुष्य स्वभावतःच थोडे असते. नवी उत्प्रेरके येतात, जुने संच भंगारात जातात, १९९१ नंतर आयातीची भिंतच खाली आली. टिकली ती गोष्ट, जी त्या वेळी सर्वांत निरुपयोगी म्हणता आली असती. गंधकाचा हात लावून दाट आम्लात वलय मिटवण्याची रीत आज बेंझोथायोफीन संयुगे करण्याची एक सर्वपरिचित रीत आहे. रॅलॉक्सिफीन हे औषध अमेरिकेत १९९७ साली ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होण्यावर मान्य झाले आणि २००७ साली स्तनांच्या कर्करोगाचा धोका कमी करण्यासाठीही. त्याच्या रेणूचा गाभा बेंझोथायोफीनचा आहे, आणि त्याच्या मूळ संश्लेषणात तो गाभा याच जातीच्या वलयबंदाने, पॉलिफॉस्फोरिक आम्लात, घडवला आहे. कर्क कशाने होतो हे शोधण्यासाठी मुंबईत ज्या तऱ्हेची वलये मिटवली, त्या तऱ्हेच्या वलयाचे एक औषध कर्क टाळण्यासाठी दिले जाते. हे टिळकांनी योजले नव्हते. योजता आलेही नसते. थायोफीन जोडलेल्या अशाच सपाट वलयमाला आता सेंद्रिय अर्धवाहकांत वापरतात, लवचिक पडद्यांच्या विद्युत्मंडलांसाठी. म्हणजे 'सेंद्रिय' शब्दाला तिसराही अर्थ मिळाला आहे.

यावरून मूलभूत संशोधन श्रेष्ठ आणि उपयोजन कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, म्हणूनच आम्ही तो काढणार नाही. १९६६ साली भारताने फक्त थायोफीनाकडे पाहत बसणे परवडले नसते. आम्हांस दिसते ते एवढेच : ज्या हातांनी साध्या मालातून, थोड्या पायऱ्यांत, इथल्या बाजारात मिळेल त्यातून रेणू घडवण्याची सवय लावून घेतली होती, तेच हात पुढे उद्योगाला उपयोगी पडले. गरिबीतून आलेली काटकसर तिथे शास्त्राची शैली बनली. ती शैली हा टिळकांचा पक्का रंग होय.

यूडीसीटीचे नाव आता इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी असे आहे. तिचे मराठवाड्यातले आवार २०१८ साली जालन्यात सुरू झाले, म्हणजे टिळकांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी. परभणीहून निघालेली गाडी मानवत रोड, सेलू, परतूर करीत जालन्याला पोचते. ज्या विद्येसाठी आमच्या आधीच्या पिढ्यांना मुंबई गाठावी लागे ती आता एका दुपारच्या प्रवासावर आली आहे. त्या गाडीत बसणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी बहुधा कपाशी असेल, कोपऱ्यात फवारणीचा पंप असेल, आणि आई-वडिलांना 'रसायन' या शब्दाची धास्ती असेल. त्या मुलांनी पहिले दोन प्रश्न तर शिकावेतच. तिसरा ती घरून घेऊनच निघाली आहेत, तो वाटेत कुठे उतरवून ठेवू नये, एवढीच आमची इच्छा.